पंचवीस फूट कोरी फीत

सोमवार, २७ ऑगस्ट १९८४, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. माझी पहिली ध्वनिफीत लोकांसमोर वाजू लागली ती या वेळी. आकडा आठवणीतला नाही. फितीच्या डब्यावर पेन्सिलीने वेळ टाकण्याची शिस्त मला दुरुस्तीच्या दुकानात लागली होती. तो डबा अजून कपाटात आहे आणि पेन्सिलीचे अक्षर वाचता येते.

गेल्या वर्षी पुण्याहून दोघे जण मला भेटायला आले. जुन्या सामानाच्या ढिगात त्यांना माझी कॅसेट सापडली होती. कव्हरावर नाव नव्हते, फक्त ‘फीत क्र. १’ आणि नागपूरच्या गांधीबागेतल्या दुकानाचा शिक्का होता. त्यांनी सांगितले की अशा संगीताला आता हार्डकोर म्हणतात, आणि परदेशात ते माझ्यानंतर काही वर्षांनी सुरू झाले. मी ऐकून घेतले. मग त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, माझ्यावर प्रभाव कोणाचा? दुसरा, सतराव्या मिनिटाला ठोका ऐन भरात असताना चाळीस सेकंद पूर्ण शांतता का आहे? त्या शांततेचे त्यांना फार कौतुक होते. एवढे धाडस त्या काळात कोणी केले नव्हते, असे ते म्हणाले.

मी म्हणालो, “तांत्रिक कारण होते.”

हे उत्तर खोटे नव्हते. मात्र ते पुरेही नव्हते. राहिलेले येथे लिहितो.

आमचे घर कापडगिरणीच्या मागच्या वस्तीत होते. गिरणीत मागांना साचे म्हणत; साचेखात्याची भिंत आणि आमची मागची भिंत यांच्यामध्ये एक बोळ होता. साचे चालू असले की त्यांचा ठोका भिंतीतून न येता जमिनीतून येई. पाटावर जेवायला बसलो की तो मांडीला लागे. मिनिटाला एकशे ऐंशीच्या आसपास. पुण्याच्या दोघांनी यंत्राने माझी फीत मोजून तोच आकडा सांगितला तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही.

१९६३ साली मी गांधीबागेत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागलो. खाली कापडाची घाऊक पेढी होती. दिवसभर गाठी जमिनीवर आदळत आणि आमच्या टेबलावरचे स्क्रू उडत. रेडिओ जुळवण्यासाठी एक यंत्र असे, त्यातून एकाच उंचीची सरळ शिट्टी निघे. शिट्टीची उंची चकती फिरवून बदलता येई. दोन यंत्रांच्या शिट्ट्यांची उंची अगदी जवळ आणली की त्यांच्यामध्ये तिसरा, खालचा, धडधडणारा आवाज तयार होतो. तो कोणत्याच यंत्रातून निघत नसतो. हे मला प्रथम कळले तेव्हा मी एक यंत्र बंद करून पुन्हा लावून पाहिले. लघुलहरींवर दोन केंद्रांच्या मध्ये जो खरखराट असतो, तोही मी ऐकत असे. गिऱ्हाइकांना वाटे, मी केंद्र शोधतो आहे. उरुसात ताजबागच्या दर्ग्याकडे निघणाऱ्या संदल मिरवणुकीचे ढोल वर्षातून एकदा दुकानासमोरून जात. मी खिडकी लावून घेई आणि काचेचा थरकाप ऐकत राही.

प्रभाव विचारला तर एवढेच आहेत. यात माणूस एकच आहे, तो माझा थोरला भाऊ. आम्ही त्याला दादा म्हणत असू.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर तो साचेखात्यात लागला आणि मी शिकलो. चोवीस वर्षे त्याने साचे चालवले. साच्यांनी त्याच्या कानांतले वरचे सूर खाल्ले. बायकांचे बोलणे, घंटी, चिमण्यांची चिवचिव, हे त्याला ऐकू येत नसे. जाड, खालचे आवाज मात्र लांबूनही येत. साचेखात्यात कोणीच आवाजाने बोलत नाही, ओठ हलवतात आणि समोरचा वाचतो. दादाने ही रीत घरी आणली. वहिनी शिकली, मीही शिकलो. आमच्या घरात भांडणेसुद्धा आवाजाविना होत.

१९८१ मध्ये गिरणीच्या कँटीनमधला लाउडस्पीकर दुरुस्त करायला मला बोलावले होते. मी सोबत स्पूलचा टेपरेकॉर्डर नेला. दादाच्या साच्यापासून एका हाताच्या अंतरावर मायक्रोफोन धरून मी अकरा मिनिटे आवाज घेतला. आडवे सूत नेणारा धोटा एका बाजूहून सुटतो, दुसऱ्या बाजूला आदळतो, परत सुटतो. दादाने ओठांनी विचारले, “याचं काय करशीन?” मी म्हणालो, “माहीत नाही.” त्याच आठवड्यात घराच्या गच्चीवरून मी भोंगाही फितीवर घेतला.

भोंग्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. पाळीच्या आधी तीन भोंगे होत. पहिला उठण्याचा, दुसरा निघण्याचा. तिसरा सर्वांत लांब, चाळीस सेकंदांचा. शेवटी तो खाली घसरत घसरत बंद पडे. त्यानंतर पाच मिनिटांनी फाटक लागे, आणि जो बाहेर राहिला त्याचा त्या दिवसाचा खाडा. तिसऱ्याचा आणखी एक उपयोग होता. वीज गेली की गिरणी कामगारांना घरी सोडी. वीज आली की पहिला-दुसरा न करता एकटा तिसरा भोंगा वाजे, दिवसा कोणत्याही वेळी. त्याचा अर्थ एवढाच की काम सुरू झाले, धावा. त्या वेळी वस्तीत कोणी कोणाला काही विचारत नसे. हातातला घास टाकून माणसे पळत.

मी फितीवर घेतला तो तिसरा भोंगा. त्याचा खाली घसरणारा शेवट मला हवा होता, दुसरे कारण नव्हते.

१९८३ च्या सप्टेंबरात गिरणी बंद झाली. फाटकावर एक कागद लागला आणि एक कुलूप. दादा तरीही रोज सहाला आंघोळ करी, कामाचा शर्ट घाली आणि ओट्यावर बसे. सात वाजले की आत येऊन शर्ट काढून घडी करी. अकरा महिने हे चालले. दुसरीकडे कामाला जा म्हटले की तो मान फिरवी. मान फिरवली की ओठ दिसत नाहीत, बोलणे तेथेच संपे. वस्तीत अफवा होती की पोळा झाला की गिरणी उघडणार. ती कोणी उठवली हे मला पुढे कळले.

जुलैअखेर हिंगण्याच्या एका कारखान्यातून चिठ्ठी आली. गोदामावर माणूस हवा होता. सोमवारी, २७ तारखेला, सकाळी अकरा वाजता हजर व्हावे, न आल्यास जागा दुसऱ्याला दिली जाईल. दादाचे वय पन्नाशीकडे झुकलेले आणि कान गेलेले. अशी चिठ्ठी पुन्हा येणार नव्हती. वहिनीने त्याला कसे तयार केले ते मला ठाऊक नाही. दहा दिवस लागले.

त्याच सुमारास वस्तीच्या मंडळाचा अध्यक्ष दुकानात आला. तो साचेखात्यातला जुना जॉबर, म्हणजे दादाच्या ओळीवरचा मुकादम. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. वर्षभराची रोगराई त्या पुतळ्यांच्या माथी मारून त्यांना जाळतात. सोबत बडगे असतात, तेही पुतळेच. त्या वर्षी ज्याने लोकांना छळले त्याचा बडग्या करायचा, अशी पद्धत. आमच्या मंडळाने त्या वर्षी दहा फुटी कुलूप केले होते, त्याला हातपाय आणि मिशा लावल्या होत्या.

“यंदा बँड नाही सांगत,” जॉबर म्हणाला. “तुह्याकडं तो साच्याचा आवाज हाय ना, तोच लाव. बडग्या कुलपाचा अन् बाजा गिरणीचा.”

“त्याच्यावर कोणाले नाचता नाही येणार.”

“नाचाले कोण आलं हाय बे? अकरा महिन्यांपासून सारे बुडावर बसून हायेत. ऐकू दे मालकाले.”

मी होकार दिला. तीन वर्षे मी त्या आवाजांवर काम करत होतो. साच्याच्या अकरा मिनिटांतून मी एक हातभर तुकडा कापून त्याची दोन टोके जोडली होती. तो गोल फिरत राही आणि ठोका कधीच थांबत नसे. त्यावर दोन शिट्ट्यांतला खालचा आवाज, खरखराट, गाठींचे आदळणे. हे वरचे सगळे मी अर्ध्या किंवा दुप्पट वेगाने घेतले होते, मूळ वस्तू ओळखू येऊ नये म्हणून. ठोका आणि भोंगा मात्र मी मूळ वेगावर ठेवले. घड्याळ लावून, तंतोतंत. त्यात कारागिराची घमेंड होती. एका बाजूला तीस मिनिटांची फीत झाली. तिच्यावरून तीस कॅसेटी करून मी दुकानात रचून ठेवल्या. मारबतीनंतर त्या विकायला काढायच्या, असे ठरले होते.

मारबतीच्या आठ दिवस आधी, दुपारी, मी घरी फीत तपासत होतो. भोंगा संपायच्या आत वहिनी दारात आली.

“भाऊजी, ते बंद करा पहिले. अन् इकडं येऊन पाहा.”

दादा खाटेवर बसला होता. डोळे मिटलेले. बोटे शर्टाच्या गुंड्या लावत होती. तळची गुंडी वरच्या काजात गेली होती.

“झोपेतूनच उठले,” वहिनी म्हणाली. “मी हात धरला तं म्हणते, सोड वं, फाटक लागते.”

मी ती गुंडी काजातून सोडवली.

“बाकी काय वाजवायचं ते वाजवा. तुमचा धंदा हाय, आमाले कळत नाही. पण तेवढा भोंगा नका घेऊ. सोमवारी अकरा वाजता यायले हिंगण्याले हजर व्हायचं हाय. तुमाले माहीत हाय ना मले किती दिवस लागले हो म्हणवाले?”

“नाही घेत.”

“डोक्यावर हात ठेवा नाही म्हणत. तोंडानं म्हटलं, तेवढं पुरे.”

मी भोंगा काढला. दोन ठिकाणी फीत कापली, टोके जोडली. रविवारी, पोळ्याच्या दिवशी, सबंध फीत ऐकली. सतराव्या मिनिटाला ठोका चढत चढत अशा जागी येई की पुढे काहीतरी यायलाच हवे होते, आणि येत नव्हते. मी चार वेळा ऐकले. मग हिशेब केला. मिरवणूक अकरा वाजता निघणार. दादा साडेनवाच्या बसने जाणार. अकरा वाजता तो शहराबाहेर, शेडच्या आत असेल. काढलेला तुकडा डब्यातच होता. मी तो परत जोडला. वहिनीला सांगितले नाही.

सोमवारी दादा नऊला तयार झाला. इस्त्रीचा शर्ट, खिशात चिठ्ठी, बगलेत जेवणाचा डबा. मी स्पीकरची वायर गुंडाळत होतो. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, ओठ दिसावेत म्हणून.

“काय गा, आज तुह्या बाजा हाय म्हणते.”

“होय.”

“मी नसन. मले हिंगण्याले घंटीवर जाचं हाय. तिथं भोंगा नाही म्हणते, घंटी हाय. शाळेवानी.” तो हसला. अकरा महिन्यांत मी त्याला हसताना पाहिले नव्हते. “घंटी तं मले ऐकूच नाही येत. मास्तर छडी मारन तवा समजन.”

“बस चुकन, दादा.”

“जातो ना बाप्पा. पहिल्याच दिवशी खाडा करतो का मी?”

तो गेला. वहिनी ओट्यावरून तो वळेपर्यंत पाहत राहिली.

चौकात हातगाड्यावर चार कर्णे बांधले होते. जॉबरने ते सगळे गिरणीच्या दिशेने वळवायला लावले. बडग्या दोरखंडांनी उभा केला होता. आभाळ भरून होते, पाऊस नव्हता, आणि हवा हलत नव्हती. नऊ चाळीसला जॉबर म्हणाला, “एकदा वाजवून पाह्य.” मी फितीच्या डब्यावर वेळ लिहिली आणि बटण दाबले.

पहिल्या पाच मिनिटांत पोरे जवळ आली आणि लांब गेली. एक म्हातारी नातवाला मारबत दाखवायला घेऊन निघाली होती. ती चौकाच्या तोंडाशी थांबली, तिने पोराचे कान झाकले आणि परत फिरली. साचेखात्यातली माणसे मात्र एकेक करून घराबाहेर आली आणि गाड्याभोवती उभी राहिली. त्यांचे पाय ठोक्यावर हलत होते, पण ते नाचणे नव्हते. साचा चालवताना वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाते, तसे ते उभे होते. मला समाधान वाटले. मी हे लिहितो कारण ते खरे आहे.

दहाव्या मिनिटाला मी जॉबरला म्हणालो, “झालं, आवाज बरोबर हाय. बंद करतो.”

“बंद केलं तं हात तोडीन. चालू दे.”

मी घड्याळ पाहिले. नऊ पन्नास. दादाची बस वीस मिनिटांपूर्वी गेली, असे मी धरले. मिरवणुकीच्या दिवशी सकाळपासून या रस्त्याने बसगाड्या येत नाहीत, त्या वळवतात. ही दरवर्षीची गोष्ट आहे. लहान पोरालाही ठाऊक असते. माझ्या हिशेबात ती आली नाही.

नऊ सत्तावन्नला भोंगा वाजला.

मी यंत्रावरची सुई पाहत होतो, पातळी लाल भागात जाते का ते. चाळीस सेकंद मी सुईवरून नजर काढली नाही. भोंगा घसरत संपला आणि साच्याचा ठोका परत सुरू झाला, तेव्हा मी वर पाहिले. चौकात एकही पुरुष नव्हता. बायका होत्या, पोरे होती, मिशावाले कुलूप होते. दोरखंड सोडून दिल्यामुळे ते तिरके झाले होते. गाड्याजवळ एकच चप्पल पडली होती. जॉबरही नव्हता. यंत्र त्याच्या हाताशी होते, फीत त्याच्या डोळ्यांसमोर फिरत होती, आवाज त्यानेच मागवला होता. तोही पळाला होता.

मी यंत्र बंद केले. वहिनी ओट्यावर उभी होती. एवढ्या अंतरावरून तिने ओठ हलवले, “तिसरा.”

“दादा बसमध्ये असन,” मी म्हणालो.

तिने हात करून रस्ता दाखवला. रस्ता मोकळा होता. मारबतीच्या दिवशी असतो तसा.

मी गिरणीकडे गेलो. फाटकासमोर शे-दोनशे माणसे होती. मला गर्दीची अपेक्षा होती. ती गर्दी नव्हती, रांगा होत्या. खात्याखात्याच्या, फाटक उघडताना लागत तशाच. कोणी लावल्या नव्हत्या. साचेखात्याच्या रांगेत दादा त्याच्या जागी उभा होता, डबा बगलेत धरून. त्याच्या पुढे एका माणसाची जागा मोकळी होती आणि मागे दोघांची. पुढचा गाव सोडून गेला होता. मागच्यांपैकी एक हिवाळ्यात वारला होता. त्यांच्या जागा कोणी घेतल्या नव्हत्या.

फाटकावरचे घड्याळ चालू होते. दहा वाजून बारा मिनिटे. नाक्यावर एक ऑटो उभा होता. हिंगण्याला पोहोचायला अर्धा तास पुरे होता.

जॉबर खिडकीतून चौकीदाराशी बोलत होता.

“उघड ना बे.”

“काहून उघडू? साहेब नाही, मिस्त्री नाही. बॉयलरवर कबुतरं बसली हायेत.”

“मंग वाजवला कोनं?”

“मले काय इचारता? मीही ऐकला. मी तं टोपी घालून आलो.”

त्याने खरोखर टोपी घातली होती. धुराड्यातून धूर नव्हता, आणि प्रत्येकाला तो नाही हे दिसत होते. जॉबरने मागे वळून माझ्याकडे पाहिले. त्याला तेव्हा आठवले, हे त्याच्या चेहऱ्यावर मला दिसले. त्याने मान खाली घातली आणि आपल्या रांगेत जाऊन उभा राहिला. अफवा त्याची होती, हे मी त्या क्षणी जाणले. उघडणार, उघडणार, असे अकरा महिने सांगताना त्याचा स्वतःचाच तीवर विश्वास बसला होता.

मी दादाच्या शेजारी उभा राहिलो. सांगायला एक वाक्य पुरे होते. दहा वीस झाले. दहा पंचवीस झाले. मी माणसांच्या हातांकडे पाहत होतो. साचेवाल्यांचे हात जड असतात. मी एवढ्यासाठीच गप्प राहिलो. दुसरे कारण मी पुढे अनेकदा शोधले, सापडले नाही.

दहा अठ्ठावीसला मी दादाच्या समोर गेलो आणि आवाज न करता, फक्त ओठांनी म्हणालो, “फीत होती. मी वाजवली. तू हिंगण्याले जा.”

कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी तसे केले. त्या रांगेतला प्रत्येक जण वीस-वीस वर्षे ओठ वाचत आला होता, याचे भान मला राहिले नाही. माझे वाक्य संपले तेव्हा दादामागचे सगळे चेहरे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मग एकाचे ओठ शेजाऱ्याकडे वळून हलले, त्याचे पुढच्याकडे. रांगेच्या टोकापर्यंत ते गेले आणि पलीकडच्या रांगेत शिरले. आवाज कुठेच नव्हता. मी मार खाण्याची वाट पाहिली. कोणी जागचे हलले नाही.

दादा मोठ्याने बोलला. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज असतो तेवढा मोठा.

“तिसरा होता ना?”

“होय.”

“पहिला, दुसरा नव्हता?”

“नाही. एकटा तिसरा.”

“मंग मी बरोबर आलो.”

“दादा, ऑटो उभा हाय. अजून पोचतो आपण.”

“रांग सोडून?”

“फाटक उघडणार नाही, दादा.”

त्याने मान फिरवली. मी पुढे जे बोललो ते त्याने वाचले नाही. मी त्याचा दंड धरला. त्याने माझी बोटे एकेक करून सोडवली, रागाने नव्हे, साच्यात अडकलेला धागा सोडवावा तशी. ऑटो दहा चाळीसपर्यंत नाक्यावर होता.

अकरा वाजले. घड्याळ सर्वांनी पाहिले. लांबून मारबतीचे ढोल आणि ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी येऊ लागली. आमच्या चौकातून मिरवणूक निघाली नव्हती. दोर धरायला माणसे नव्हती. साडेबाराला, जेवणाच्या सुटीच्या वेळी, रांगा मोडल्या आणि माणसे नेहमीच्या जागी भिंतीच्या सावलीला बसली. डबा एकट्या दादाकडे होता. हिंगण्यासाठी वहिनीने दिलेला. त्याने तो उघडला, भाकरीचे तुकडे केले आणि दोन्ही बाजूंना दिले. एकाने मलाही दिला. मी घेतला. खाऊन झाल्यावर ते उठले, हात झटकले आणि घरी गेले. फाटकाकडे कोणी वळून पाहिले नाही.

हिंगण्याची जागा त्याच दुपारी भरली गेली. गिरणी पुन्हा उघडली नाही. दादा त्यानंतर नऊ वर्षे जगला आणि कुठेही कामाला गेला नाही. सकाळी ओट्यावर बसणे मात्र त्याने त्या दिवसापासून सोडले. वहिनीने शिवणाचे यंत्र घेतले. मी दिलेल्या शब्दाचा विषय तिने पुन्हा कधी काढला नाही, आणि मला भाऊजी म्हणणेही बंद केले. तीस कॅसेटी मी दुसऱ्या दिवशी पुसून नव्याने भरल्या. त्यांपैकी एक पुण्याच्या दोघांना सापडली.

त्या सोमवारी दिवेलागणीच्या आधी मी घरी यंत्र मांडले आणि फीत सतराव्या मिनिटावर आणली. आवाज बंद ठेवून, नुसत्या जुन्या सांध्यांच्या खुणांवरून, भोंग्याच्या आरंभी आणि शेवटी कात्री चालवली. दादा आत आला. त्याने लोंबणारी फीत चिमटीत धरली आणि बोटांमध्ये घासून पाहिली, सूत पाहतात तशी.

“याच्यात हाय का तो?”

“होय.”

“साराच?”

“साराच.”

“मले दे.”

मी दिली. त्याने कोनाड्यातून गिरणीची एक रिकामी लाकडी कांडी काढली आणि फीत तिच्यावर भरू लागला. एकही पीळ पडला नाही. शेवटचे टोक खाली दाबून त्याने कांडी शर्टाच्या खिशात, चिठ्ठीशेजारी ठेवली आणि तो बाहेर गेला.

फितीची दोन टोके तशीच जोडली असती तर ठोका सलग झाला असता. मी ते केले नाही. फीत सेकंदाला साडेसात इंच धावते. चाळीस सेकंदांना तीनशे इंच, म्हणजे पंचवीस फूट. दोन फुटी फरश्यांवर मी पांढरी कोरी फीत अंथरली, बारा फरश्या आणि वर अर्धी मोजून कापली, आणि भोंग्याच्या जागी जोडली. दोन्ही सांधे नखाने दाबून पाहिले. फीत जिच्यावरून सरकते ती यंत्राची हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. मग यंत्राची पिन सॉकेटमधून काढली.